परदेशात माणसं पाठवायचं लायसन्स कसं मिळतं? एजंटच्या हातात पैसे देण्याआधी हे समजून घ्या

भंडारा : 'दुबईत ड्रायव्हर पाहिजे, पगार भारतीय ऐंशी हजार, राहणं-खाणं फ्री, दोन लाख भरा.' असा मेसेज गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. घरात आयटीआय झालेला पोरगा बसून असतो, धानाचे चुकारे नुकतेच खात्यात पडलेले असतात. बाप म्हणतो, कमी पडले तर एखादा एकर गहाण टाकू. पण ज्याच्या हातात हे पैसे द्यायचे, त्याला माणसं परदेशात पाठवायचा अधिकार आहे का, हे विचारायचं राहून जातं.

हा अधिकार कोणालाही आपोआप मिळत नाही. परदेशी नोकरीसाठी भारतातून माणसं भरती करायची असतील तर उत्प्रवास कायदा 1983 प्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी करावीच लागते. परराष्ट्र मंत्रालयातले 'प्रोटेक्टर जनरल ऑफ इमिग्रंट्स' हे अधिकारी नोंदणीचं प्रमाणपत्र देतात. त्यालाच लोक लायसन्स म्हणतात.

नवीन धंदा सुरू करायचा असेल तर

आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्याला हा व्यवसाय रीतसर करायचा असेल तर करता येतो. सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा असतो. अर्जाची फी 25 हजार रुपये. मालकाचं शिक्षण, आर्थिक ऐपत, ऑफिसची जागा हे सगळं तपासलं जातं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते.

मोठी अट आहे बँक गॅरंटीची. ती 50 लाख रुपयांची द्यावी लागते. 100 पर्यंतच कामगार पाठवायचे असतील तर लहान एजन्सीसाठी 8 लाखांची सोय आहे. ही रक्कम कशासाठी? एजन्सीनं फसवलं, कामगार तिकडे अडकला, तर त्याला परत आणायचा खर्च त्यातून वसूल करता यावा म्हणून. म्हणजे ही गॅरंटी कामगाराच्या भल्यासाठी आहे. लायसन्स नसलेल्या माणसाकडे अशी कोणतीच रक्कम अडकलेली नसते. तो फोन बंद करून मोकळा होतो.

भिंतीवरची फ्रेम म्हणजे लायसन्स नाही

काही ऑफिसात गुमास्ता, जीएसटी किंवा उद्यमचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं. ते दुकान चालवण्याचे कागद आहेत. त्यावर परदेशात कामगार पाठवता येत नाहीत. टुरिस्ट व्हिसा, स्टडी व्हिसा काढून देणाऱ्या कन्सल्टन्सीलाही तो अधिकार नाही.

'मी मुंबईच्या मोठ्या कंपनीचा सब-एजंट आहे' असं सांगणारेही भेटतात. कायद्यात सब-एजंटला जागा नाही. कंपनीला दुसऱ्या गावी शाखा उघडायची तरी परवानगी लागते.

पाच मिनिटांत तपासा

लायसन्स नंबर मागा. तो 'बी' अक्षरानं सुरू होतो, पुढे आकडे आणि शहराची खूण असते. मुंबईसाठी 'एमयूएम'. मोबाईलवर ई-मायग्रेट पोर्टल उघडा आणि नोंदणीकृत एजंटांच्या यादीत तो नंबर शोधा. लायसन्स चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालंय, ते तिथे दिसतं. लायसन्स पाच वर्षांचं असतं, म्हणून तारीखही बघा. यादीतल्या पत्त्यावर आणि फोनवर स्वतः विचारपूस करा, कारण दुसऱ्याचाच नंबर आपला म्हणून दाखवणारेही असतात.

जमत नसेल तर सरकारच्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राला 1800 11 3090 या टोल फ्री नंबरवर फोन लावा.

फी किती?

नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये घेऊ शकतो. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 35,400 रुपये होतात. त्याची पावती द्यावीच लागते. दोन-तीन लाख रोख मागणारा आणि पावतीला 'नंतर देतो' म्हणणारा असेल तर तिथंच थांबा.

दहावी नापास असाल तर

दहावी पास नसलेल्यांना साधारणपणे 'ईसीआर' पासपोर्ट मिळतो. सौदी, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया अशा 18 देशांत कामाला जायचं तर या पासपोर्टवर सरकारची मंजुरी लागते. त्यासाठी करारपत्र लागतं आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास 10 लाखांचं संरक्षण.

'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो' असं कोणी म्हटलं तर जाऊ नका. तिकडे काम करताना सापडला तर पोरगाच गुन्हेगार ठरतो. डेटा एंट्रीच्या नावानं थायलंडला बोलावून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या शेकडो भारतीयांना सरकारनं मार्च 2025 मध्ये विमानानं परत आणलं.

फसवणूक झालीच तर

विनालायसन्स भरती हा गुन्हा आहे. उत्प्रवास कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय फसवणुकीचं कलम लागतं. पोलीस ठाण्यात तक्रार द्या, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स कार्यालयाला कळवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. मेसेज, पावत्या, बँकेच्या नोंदी डिलीट करू नका. आणि मूळ पासपोर्ट एजंटकडे ठेवून येऊ नका.

खरी एजन्सी लायसन्स नंबर विचारला म्हणून रागावत नाही. जो रागावतो, त्याच्यासाठी सातबारा गहाण टाकू नका.