मोटरीचा कंडेन्सर घेताना: स्टार्टिंग की रनिंग?



उन्हाळ्यात कळंब तालुक्यातल्या एका गटात गेले होते. शेवयांच्या कामाचे दिवस, बायका पिठाचे डबे घेऊन बसलेल्या, आणि यंत्र बंद! बटण दाबलं की मोटर नुसती घों घों करायची, फिरायची नाही. ताई म्हणाल्या, "मोटर जळाली वाटतं, भरून आणावी लागणार." हप्ता आठ दिवसांवर आलेला.

मिस्त्रीने उघडून बघितलं तर मोटर चांगली होती. कंडेन्सर फुगून फुटला होता, आणि तो तर नुकताच बदललेला! जुन्यावर ५० लिहिलं होतं. दुकानातून ४०-६० लिहिलेला आला. "५० त्यातच येतो की," म्हणून बसवला. त्याचं बिल मीच तपासलं होतं. रक्कम बघितली, वस्तू बघितली नाही. म्हणून हा लेख.

कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, करतो काय? आपल्याकडची सिंगल फेजची वीज मोटरीला नुसती पुढे-मागे ढकलते, तिला फिरायची दिशा देत नाही. मोटरीत तारेचे दोन वेढे असतात. कंडेन्सरमुळे एका वेढ्यातली वीज दुसऱ्याच्या जरा आधी पोचते, त्यामुळे मोटरीला वळण मिळतं. तो गेला की मोटर जागेवरच गुणगुणते.

आता जातं आठवा. जड जातं जागचं हलवायला दोघींचा हात लागतो. एकदा फिरायला लागलं की एकटी बाई तासभर दळू शकते. मोटरीचंही तसंच, म्हणून कंडेन्सर दोन प्रकारचे असतात.

स्टार्टिंग कंडेन्सर हा पहिला हात देणारा. हा बहुतेक काळ्या प्लास्टिकच्या डबीत येतो. त्यावर ४०-६०, ८०-१००, १००-१२० असा 'पासून-पर्यंत' आकडा असतो. याचं काम दोन-तीन सेकंदांचं. मोटरीने वेग घेतला की आतला खटका किंवा पॅनलमधला रिले त्याला बाजूला करतो. तो तसाच जोडलेला राहिला तर तापतो, फुगतो आणि फुटतो. आमच्या यंत्रात हेच झालं.

रनिंग कंडेन्सर हा शेवटपर्यंत दळणारा. हा प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा बनवलेला असतो आणि मोटर चालू असेपर्यंत काम करतो. याच्यावर एकच आकडा असतो, जसं ३६ किंवा ५०, आणि पुढे ± ५%. म्हणजे ५० चा नवा कंडेन्सर मीटरवर साडेसत्तेचाळीस ते साडेबावन्नच्या मध्ये दाखवायला हवा. घरातल्या छताच्या पंख्यात याचाच धाकटा भाऊ असतो, बहुतेक २.५ चा. तो एकदम जात नाही, हळूहळू कमजोर होतो. म्हणून तर जुना पंखा मंद फिरतो.

काही मोटरींना एकच कंडेन्सर असतो, काहींना दोन्ही. बोअरच्या सिंगल फेज मोटरीच्या पॅनलमध्ये बऱ्याचदा दोन्ही सापडतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. स्टार्टिंगच्या जागी रनिंग लावला तर जोर कमी पडतो आणि मोटर उठत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा:

१. प्रकार: जुना कंडेन्सर सोबत न्या. स्टार्टिंग आहे की रनिंग, हे विचारून घ्या.

२. आकडा: 'एमएफडी' किंवा 'µF' च्या आधीचा आकडा तोच हवा. "मोठा टाका, जोर वाढेल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मोठ्या कंडेन्सरने वेढ्यात जास्त वीज जाते आणि मोटर तापते.

३. व्होल्ट: रनिंगवर बहुतेक ४४० असतं. घरात २३० असताना ४४० कशाला? कारण चालत्या मोटरीत कंडेन्सरवर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज येतं. व्होल्ट जुन्याएवढा किंवा जास्त चालेल, कमी नको.

आणखी एक. कधी कधी दोष कंडेन्सरचा नसतोच. लाइन २३० ऐवजी १६० ला आली तर मोटरीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. आधी व्होल्टेज बघा, मग वस्तू बदला. मोटर घों घों करत असेल तर लगेच बटण बंद करा. तसंच चालू ठेवलं तर वेढे खरंच जळतात, आणि मग मोटर भरून आणण्यावाचून इलाज राहत नाही.

आणि हे मुलांनाही सांगा: वीज बंद केली तरी कंडेन्सरमध्ये साठा राहतो. उघड्या टोकांना हात लावला तर जोराचा झटका बसतो. बदलायचं काम मिस्त्रीलाच करू द्या. तो साठा उतरवल्याशिवाय हात घालत नाही.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे अद्ययावत लेखे. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान यंत्राच्या नावाने काढा. त्यावर कंडेन्सरचा प्रकार, आकडा, व्होल्ट आणि बदलल्याची तारीख लिहा. आमच्या त्या गटाने लिहिलंय. पान आता भिंतीवरही चिकटवलंय, यंत्राच्या अगदी वर. पुढच्या बिलावर सही करण्याआधी मीही ते वाचणार आहे.