जुनी जीप, फियाट घेताय? पैसे मोजण्याआधी गाडीचा 'सात-बारा' बघा

तालुका प्रतिनिधी : कडब्याच्या गंजीला टेकून एखादी जुनी जीप नाहीतर फियाट उभी असते. टायर बसलेले, टपावर कोंबड्या, आत खताची रिकामी पोती. मालक बॉनेटवर थाप मारून सांगतो, "इंजिन खणखणीत आहे बघा. फक्त पासिंग संपलंय. ते काय, आरटीओत जाऊन होऊन जातं." भाव ऐकला की घेणाऱ्याचं मन होतं. लहानपणी ज्या गाडीतून लग्नाच्या वरातीला गेलो, तीच गाडी आता दारात उभी करायची, ही हौस आजकाल गावोगावी वाढली आहे.

पण खरी गोम त्या 'फक्त' मध्येच असते. कित्येक व्यवहार इथेच अडकतात. पैसे जातात, गाडी शेडमधून शेडमध्ये जाते आणि रस्त्यावर काही येत नाही.

शेतकरी माणूस जमीन घेताना काय करतो? आधी सात-बारा काढतो. नाव कोणाचं, बोजा आहे का, वारस किती, फेरफार झाला का, हे सगळं बघतो. विहिरीला पाणी किती, हे त्यानंतर. जुन्या गाडीचंही असंच आहे. आरसी म्हणजे गाडीचा सात-बारा. आधी तो वाचायचा, इंजिन नंतर ऐकायचं.

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगार का?

नाही. हा मोठा गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे गाडी तपासून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी चालण्याच्या लायकीची असेल तर असं पुन्हा पुन्हा करता येतं. १५ वर्षांनंतर नूतनीकरण नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागला आहे. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची अट घातली गेली, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. आपल्याकडे खासगी गाडीला तशी सरसकट बंदी नाही.

मात्र मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हाच. पहिल्या वेळी किमान २,००० आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड कायद्यात आहे. म्हणून "घरी तर चालवत न्या" असं मालक म्हणाला तरी ऐकू नये. गाडी टेम्पोवर चढवूनच न्यावी. विम्याचंही तेच. नोंदणी नसलेल्या गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसा निकाल दिलेला आहे.

'क्लासिक' आणि 'व्हिंटेज' एक नव्हे

विकणारा 'क्लासिक गाडी आहे' म्हणून भाव चढवतो. कायद्याला मात्र क्लासिक माहीत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेली, खासगी वापराची, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. तिच्या नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नोंदणी १० वर्षे चालते.

यात एक अट आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायला ही नोंदणी कामाची नाही.

प्रीमियर पद्मिनी हे नाव फियाटला १९७४ मध्ये मिळालं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ती सुमारे २००० पर्यंत निघत होती. अँबेसेडर तर २०१४ पर्यंत बनत होती. म्हणजे गावात उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या ५० वर्षांच्या आतल्याच. त्यांना साधा नियम लागतो : १५ वर्षे, मग पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण.

आरसीत काय वाचायचं

गाडीचा नंबर सरकारच्या एम-परिवहन अॅपवर टाकला की नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा असा नंबर नसून तीन अक्षरं आणि पुढे आकडे असतात. अशा काही गाड्यांची जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नसते. तेव्हा मूळ आरसी पुस्तक घेऊन जिथे नोंदणी झाली त्या आरटीओत रजिस्टरवरून खात्री करावी लागते. ही नोंद चढल्याशिवाय पुढचं एकही काम हलत नाही. ती चढवून घेणं विकणाऱ्याचं काम, हे आधीच ठरवावं.

कागदावर या गोष्टी नीट बघाव्यात :

- नाव कोणाचं? समोर बसलेला माणूस आणि आरसीवरचा माणूस एकच हवा. "मी पाहुण्याकडून घेतली होती, नावावर केली नाही" असं उत्तर आलं तर थांबावं. मधल्या माणसाची सही चालत नाही.
- मालक वारला असेल तर? आधी वारसाच्या नावावर गाडी झाली पाहिजे. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. एका भावाने विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, की जमिनीसारखाच वाद गाडीतही उभा राहतो.
- बोजा आहे का? कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव आरसीवर तसंच असतं. ते उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची ना-हरकत लागते. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर त्या नव्या बँकेकडून कागद आणावा लागतो. हे काम विकणाऱ्याने करायचं.
- चेसिस आणि इंजिन नंबर जुळतो का? चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासावी, आकडे उमटतात. ते आरसीशी एकेक करून ताडावेत. आकडे घासलेले, नव्याने ठोकलेले वाटले तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरावं.
- इंजिन बदललं आहे का? जीप आणि अँबेसेडरमध्ये पेट्रोलचं काढून डिझेल बसवण्याची पद्धत जुनी आहे. गॅस किटही बसवलेलं असतं. आरसीत त्याची नोंद नसेल तर तपासणीत गाडी अडते. गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. टप कापलेल्या, लांबी कमी-जास्त केलेल्या जीपचा भाव करताना हे लक्षात ठेवावं.
- खासगी की प्रवासी? वडापला चाललेली जीप कागदावर व्यावसायिक असते. तिचा परमिट, फिटनेस आणि कर यांचा हिशेब वेगळा. आधी परमिट जमा करून ती खासगीत आणावी लागते.

स्वस्त गाडी कितीला पडते?

समजा, पद्मिनी ४०,००० रुपयांना ठरली आणि तिची मुदत संपून पाच वर्षे झाली. २० वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. १५ ते २० वर्षांच्या गाडीला ते ५,००० आहे. त्यावर केंद्राच्या नियमात उशिराबद्दल दर महिन्याला ५०० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. पाच वर्षांचे ६० महिने, म्हणजे ३०,००० रुपये. शुल्क धरून ४०,००० झाले. गाडीची किंमत तेवढीच होती!

एवढ्यावर भागत नाही. पर्यावरण कर, बाकी राहिलेला जुना कर, ई-चलनाचा दंड, विमा, पीयूसी आणि नवीन सुरक्षा नंबर प्लेट यांचा खर्च वेगळा. ब्रेक, टायर, लाइट तपासणीत पास होतील असे करायला मिस्त्रीचं बिल आणखी वेगळं.

म्हणून भाव करण्याआधी विकणाऱ्याला सोबत घेऊन परिवहन पोर्टलवर भरायची रक्कम काढावी. तो आकडा समोर आला की भाव आपोआप खाली येतो.

व्यवहार कोणत्या क्रमाने करावा

क्रम चुकला की पैसे अडकतात. सगळ्यात बरी पद्धत अशी :

१. थोडं टोकन द्यायचं, तेही बँकेतून किंवा यूपीआयने. 'नूतनीकरण झालं नाही तर टोकन परत' असं कागदावर लिहून घ्यायचं.

२. नूतनीकरण मूळ मालकाच्या नावावरच करून घ्यायचं. त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. विमा आणि पीयूसी काढून गाडी तपासणीला टेम्पोवर न्यायची. खर्च कोणी किती करायचा ते आधी ठरवावं.

३. नवीन मुदतीची आरसी हातात आली की फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करून नाव बदलायला टाकायचं. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं, असा कायदा आहे.

४. अर्जाची पावती मिळाल्यावर उरलेली रक्कम द्यायची. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा.

आरसी हरवली असेल तर फॉर्म २६ भरून दुसरी प्रत मिळते. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून ती प्रत मालकानेच काढायची. "झेरॉक्सवर भागतं" म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

स्टँप पेपरवर नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, असंही अनेकांना वाटतं. तो कागद फार तर साठेखतासारखा. फेरफार झाल्याशिवाय जमीन नावावर दिसत नाही, तसंच आरटीओत नाव चढल्याशिवाय गाडी आपली होत नाही.

विकणाऱ्यानेही झोपू नये

"मी विकली, पैसे आले, आता माझा काय संबंध?" असं विकणाऱ्याला वाटतं. सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल त्याने ऐकावा. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयातून आलेलं ते प्रकरण होतं. मोटार विकून जवळपास दोन वर्षे झाली होती, ती तीन-चार हातांतून फिरली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९ मध्ये तिने अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. विमा नव्हता. न्यायालयाने सांगितलं, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. भरपाई त्याने द्यायची.

म्हणजे शेडमधली जुनी गाडी दहा-वीस हजारांना देऊन टाकली आणि कागद तसाच ठेवला, तर उद्या कोणाच्या तरी चुकीसाठी भरपाईची नोटीस आपल्या दारात येऊ शकते. गाडी भंगारात द्यायची असली तरी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच द्यावी आणि मोडल्याचा दाखला घेऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. दारावर आलेल्या भंगारवाल्याला आरसीसकट गाडी दिली, तर त्याच कागदावर उद्या दुसरीच गाडी फिरू शकते.

गाडी कधी सोडून द्यावी

चेसिस नंबर जुळत नाही, वारसांत एकमत नाही, मूळ मालकाचा पत्ता नाही किंवा आरटीओच्या रजिस्टरमध्ये नोंदच सापडत नाही, या चारपैकी एक जरी निघालं तरी टोकनही देऊ नये. गंजलेला पत्रा मिस्त्री नीट करतो, बसलेलं इंजिन बांधता येतं. ही चार दुखणी मात्र कोणत्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाहीत.

बाकी सगळं जुळलं, हिशेब परवडला आणि मूळ मालक आरटीओत सोबत यायला तयार असेल, तर खुशाल घ्यावी. नवीन आरसी हातात पडली की मगच टपावरच्या कोंबड्या हाकलाव्यात.