पडद्यावरची बटई

कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्याचे सारे अर्थकारण हेलकावे खाते, त्या बाभुळगाव तालुक्यातील सुशिक्षित तरुणापुढे उपजीविकेच्या वाटा मोजक्याच आहेत. घरची शेती, यवतमाळ किंवा धामणगावच्या दुकानातील तुटपुंज्या पगाराची चाकरी, नाहीतर स्पर्धा परीक्षांची वर्षानुवर्षांची तपश्चर्या. यांत अलीकडे आणखी एका वाटेची भर पडली आहे, ती यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालविण्याची. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतील हाताहातांत चित्रफीत पाहण्याचे व काढण्याचे साधन आले. या धंद्याला भांडवल लागत नाही, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे अर्थशास्त्राच्या कसोटीवर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

करार कोणाशी?

2005 साली स्थापन झालेली यूट्यूब ही कंपनी पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतली आणि 2007 पासून निवडक निर्मात्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत सुरू झाली. हा करार विदर्भातील शेतकऱ्याला परका वाटण्याचे कारण नाही. ती सरळसरळ बटई आहे. रान मालकाचे, मेहनत बटईदाराची आणि पिकाची वाटणी ठरलेली. लांबीच्या चित्रफितीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील शंभरापैकी 55 रुपये निर्मात्याला मिळतात. ज्यांना 'शॉर्ट्स' म्हणतात त्या आखूड चित्रफितींसाठी फेब्रुवारी 2023 पासून निर्मात्यांकरिता राखलेल्या रकमेतील 45 टक्के वाटा ठरला आहे.

परंतु ही बटई मागेल त्याला मिळत नाही. फेब्रुवारी 2018 पासून लागू झालेल्या नियमानुसार वाहिनीचे किमान 1,000 सदस्य असावे लागतात आणि गेल्या बारा महिन्यांत तिच्या चित्रफिती एकूण 4,000 तास पाहिल्या गेलेल्या असाव्या लागतात. आखूड चित्रफितींच्या मार्गाने यायचे तर नव्वद दिवसांत एक कोटी दर्शने हवीत. 2023 मध्ये 500 सदस्यांची एक खालची पायरी करण्यात आली. मात्र तिच्यावर दर्शकांकडून थेट मिळणारे साहाय्य घेता येते, जाहिरातींचा वाटा नव्हे. शिवाय उंबरठ्याच्या बाहेर असलेल्या वाहिनीवरही यूट्यूब जाहिरात दाखवू शकते आणि तिचे उत्पन्न संपूर्णपणे मालकाच्या कणगीत जाते. उंबरठा ओलांडल्यावरही खात्यात 100 डॉलर जमल्याखेरीज रक्कम बँकेत येत नाही.

आता साधे गणित मांडू. 4,000 तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एक दर्शक सरासरी चार मिनिटे थांबतो असे धरले, तर वर्षाला साठ हजार दर्शने हवीत. आठवड्याला एक चित्रफीत काढणाऱ्याला प्रत्येकीमागे साडेअकराशेच्या आसपास दर्शने मिळविणे भाग आहे. हा आकडा अशक्य कोटीतील नाही; पण तो वर्षभराच्या बिनमजुरीच्या श्रमांचा आकडा आहे. तेव्हा भांडवल लागत नाही, हे म्हणणे फोल आहे. ते वेळेच्या रूपाने लागते आणि ज्याच्या घरी वर्षभर दुसरे कोणी कमावते आहे, त्यालाच ते परवडते.

आडवाटेचा मोह

वर्षभराची ही नापिकी सोसवत नाही, तेव्हा आडवाटेचा मोह होतो. पैसे देऊन सदस्य विकत घेणे, 'तू माझा सदस्य हो, मी तुझा होतो' अशी देवाणघेवाण करणे, दुसऱ्याच्या चित्रफिती उचलून आपल्या नावावर चढविणे, हे सारे प्रकार सर्रास चालतात. यूट्यूबच्या नियमांना ते मान्य नाहीत, पण त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा आर्थिक आहे. विकतचा सदस्य चित्रफीत पाहत नाही. त्याच्यामुळे सदस्यसंख्या फुगते, पाहण्याचे तास वाढत नाहीत. आणि अशी संख्या उघडकीस आली की ती वजा होते. उचललेल्या मालावर वाहिनी वाढली, तरी वाट्यासाठी अर्ज केल्यावर ती तपासणीत नापास होते. एकाच साच्यातून घाऊकपणे काढलेल्या चित्रफितींना उत्पन्नाचा वाटा नाही, हेही यूट्यूबने जुलै 2025 मध्ये अधिक स्पष्ट केले आहे.

स्वामित्वहक्काच्या बाबतीत तर अज्ञानच अधिक नडते. बाभुळगाव परिसरातील पोळ्याचेच उदाहरण घ्या. सजविलेले बैल, तोरणाखाली जमलेला गाव आणि खणखणीत आवाजात म्हटल्या जाणाऱ्या झडत्या ही आपली स्वतःची संपत्ती आहे. परंतु हौसेने त्या चित्रफितीवर एखादे चित्रपटगीत चढविले, की यूट्यूबची यंत्रणा ते गाणे ओळखते आणि त्या चित्रफितीचे उत्पन्न बहुधा गाण्याच्या मालकाकडे वळते. झडतीसारखे धन हाती असताना उसन्या गाण्यापायी पीक गमावण्याचा हा प्रकार होय. हा निव्वळ 'दावा' असतो, त्याने वाहिनीला डाग लागत नाही. मात्र हक्कदाराने कायदेशीर मागणी करून चित्रफीत काढावयास लावली तर तो 'स्ट्राइक' ठरतो आणि नव्वद दिवसांत असे तीन झाले की सारी वाहिनी बंद होऊ शकते. हा फरक ज्याला कळला, तो नाहक घाबरत नाही आणि नाहक धाडसही करीत नाही.

पत हेच भांडवल

नियमपालनाचा याहून गंभीर पैलू आपल्या जिल्ह्याच्या दुःखाशी निगडित आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा जिल्ह्यात शेतीविषयक वाहिनी चालविणाऱ्याने एखाद्या औषधाची शिफारस करणे म्हणजे दर्शकांच्या जिवाची जोखीम अंगावर घेणे होय. वाहिनीचे हजारभर सदस्य होतात न होतात तोच कोणी औषधविक्रेता दाराशी येतो, मान्यता नसलेल्या 'चोर बीटी' बियाण्याची भलामण करण्यासाठीही कोणी हजार-दोन हजार पुढे करतो. जाहिरातीच्या वाट्याची रक्कम हाती यायला महिने लागतात. ही रक्कम आजच्या आज मिळते. मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु पैसे घेऊन केलेली शिफारस तशी उघड सांगितलीच पाहिजे, हा यूट्यूबचा नियम आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 मधील मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणारी शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचे राहू द्या. शहरातल्या अनोळखी दर्शकाशी खोटे बोलून निभावते, पण लहान वाहिनीचा दर्शक बाजाराच्या दिवशी समोर उभा राहतो. गावात एकदा पत गेली की ती नव्वद दिवसांनी परत येत नाही.

कुळाला कायदा हवा

नियम पाळणाऱ्याला संरक्षण आहे काय, हा खरा प्रश्न आहे. नगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' ही पाककृतींची वाहिनी नावारूपाला आणली. ऑक्टोबर 2020 मध्ये भामट्यांनी तिचा ताबा घेतला. सुदैवाने काही दिवसांत ती परत मिळाली. लाखो सदस्यांच्या वाहिनीची ही कथा, तर हजार सदस्यांच्या वाहिनीची दाद कोण घेणार? त्याच वर्षी 29 जून रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची कारणे काहीही असोत, त्या मंचावर नाव कमावलेल्या खेड्यांतील अनेकांची मेहनत एका रात्रीत मातीमोल झाली. परक्या रानातील पीक रानाबरोबरच गेले.

जमिनीच्या बाबतीत आपण हा प्रश्न पूर्वीच सोडवावयास घेतला होता. मालकाच्या लहरीवर कुळाला बेदखल करता येऊ नये, म्हणून विदर्भासाठी 1958 चा कुळवहिवाट कायदा आला. पडद्यावरच्या कुळासाठी तशी सुरुवात 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी झाली आहे. बड्या माध्यमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमावा, स्वतःहून मजकूर काढताना कारण कळवून बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. त्यांच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी जानेवारी 2023 मध्ये सरकारने तीन अपील समित्याही स्थापन केल्या. परंतु हे हक्क तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेले दिसत नाहीत. ते मराठीतून समजावून सांगण्याचे, तक्रारीचा मसुदा करून देण्याचे काम आपली महाविद्यालये आणि ग्रंथालये सहज करू शकतील.

तोवर वाहिनी चालविणाऱ्याने बटईदाराचे जुने शहाणपण विसरू नये. मूळ चित्रफितींची प्रत स्वतःपाशी ठेवावी, खात्याला दुहेरी कुलूप लावावे, एकाच रानावर सारा संसार टाकू नये. नियम पाळण्याने वाहिनी झपाट्याने वाढेल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. पण मालकाने अन्याय केल्यास ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे त्यालाच ताठ मानेने दाद मागता येते. आणि लहान माणसाजवळ तेवढेच एक बळ असते.