न मानणाऱ्यांचं पुराणवाचन

पुनव जवळ आली की बेळगावच्या टिळकवाडीतही यल्लम्माचा उदोकार कानावर येतो. डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या जोगतिणी सौंदत्तीच्या वाटेला लागलेल्या असतात. मी देव मानत नाही. तरीही चौंडकं वाजलं की दाराशी जाऊन उभा राहतो.

यल्लम्मा म्हणजे जमदग्नी ऋषींची पत्नी रेणुका. ती रोज वाळूची घागर करायची आणि सापाची चुंबळ करून ती डोक्यावर घ्यायची. एके दिवशी पाण्यात खेळणारा गंधर्व दिसला, मन क्षणभर ढळलं आणि वाळूची घागर काही होईना. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचं शिर उडवलं. आपल्या भागातल्या काही कथनांत तिच्यासोबत मातंगीचंही शिर तुटतं आणि पुन्हा जोडताना शिरांची अदलाबदल होते. भाविक इथे हात जोडतो. मला मात्र प्रश्न पडतो, ऋषिपत्नीचं आणि मातंगीचं अंग एक करणारी ही गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि कुणापुढे सांगितली असेल? या प्रश्नापायी माझ्या कित्येक रात्री आनंदात गेल्या आहेत.

मराठीत देव न मानता पुराणं वाचण्याचा हा नाद जुना आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकले. 'जडवाद' लिहून ईश्वर नाकारणाऱ्या याच माणसाने धर्मकोशाचे खंड संपादित केले. इरावती कर्वे रँग्लर परांजप्यांच्या निरीश्वरवादी घरात वाढल्या. 'युगान्त'मध्ये त्यांनी महाभारतातली माणसं माणसं म्हणूनच वाचली, आणि त्या पुस्तकाला 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नरहर कुरुंदकर उघड नास्तिक होते, पण मनुस्मृतीवर बोलायचं तर आधी ती नीट वाचली पाहिजे, हा त्यांचा बाणा होता.

दामोदर कोसंबींपाशी मात्र थांबावंसं वाटतं. गोव्यात जन्मलेला हा मार्क्सवादी गणिती पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवत असे. शेंदूर फासलेल्या तांदळ्यांजवळ त्यांना गारेची बारीक, अश्मयुगीन हत्यारं सापडली. गावाबाहेर, रानात एकटीच बसलेली देवी ही गाव वसण्याआधीची, गुराख्यांच्या जुन्या वाटांवरची असणार, असं त्यांनी 1962 सालच्या 'मिथ अँड रिॲलिटी'त मांडलं. देव न मानणाऱ्या माणसाने देवीचं वय शोधलं, तेही चपला झिजवून! आपल्यातले जे मित्र 'सगळं थोतांड' म्हणून मोकळे होतात, त्यांच्याविषयी म्हणूनच मला वाईट वाटतं. इतकी मोठी ठेव ते न उघडताच टाकून देतात.

रा. चिं. ढेरे नास्तिक नव्हते, पण त्यांच्या 'लज्जागौरी' या ग्रंथाशिवाय आपलं पान हलत नाही. वारूळ म्हणजे पृथ्वीची योनी, हे सूत्र धरून ते यल्लम्मेपासून गोव्याच्या सांतेरीपर्यंत पोचतात. बेळगावच्या कित्येक घरांचं कुलदैवत सांतेरीच आहे.

या आनंदाला एक बोचही आहे. याच यल्लम्माच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. 1982 साली कर्नाटकाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. कथेची गोडी सांगणाऱ्याने हे झाकलं, तर त्याचा अभ्यास खोटा.

यंदा आहेव पुनवेला सौंदत्तीला जा. देव मानत नसलात तरी जा. आधी 'लज्जागौरी' वाचा, मग डोंगरावर एखाद्या म्हाताऱ्या जोगतिणीशेजारी बसा आणि रेणुकेची गोष्ट तिच्या तोंडून ऐका.