‘कमीत कमी’ विचारलंय, तरीही मसावि!

शिष्यवृत्तीच्या तयारीला लागलेल्या मुलांना एक युक्ती हमखास सांगितली जाते : ‘जास्तीत जास्त’ आलं की मसावि, ‘कमीत कमी’ आलं की लसावि. पण हे उदाहरण पाहा. ४ मीटर २० सेंटिमीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोलीत एकाच मापाच्या चौरस लाद्या न तोडता बसवायच्या आहेत. कमीत कमी किती लागतील? इथं युक्ती तोंडघशी पाडते.

लाद्या कमी हव्यात, म्हणजे लादी मोठी हवी. तिच्या बाजूनं ४२० आणि ३०० या दोन्हींना नि:शेष भाग गेला पाहिजे. म्हणजे मसावि. भागाकाराची रीत तर जमिनीवरच आखता येते. ३०० सेंमी बाजूचा चौरस आखला की १२० रुंदीची पट्टी उरते. तिच्यात १२०चे दोन चौरस बसून ६० उरतात. १२०मध्ये ६० बरोबर दोनदा, बाकी शून्य. लादी ६० सेंमीची, लांबीत ७ आणि रुंदीत ५, एकूण ३५.

इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडनं ‘एलिमेंट्स’च्या सातव्या खंडात हीच रीत दिली. इ.स. ४९९मध्ये आर्यभटानं अशाच भागाकारांच्या साखळीवर ‘कुट्टक’ उभा केला, तो बाकी दिलेल्या गणितांसाठी.

शाळेतही बाकी मुलांना घाबरवते. १२७ वह्या आणि ९३ पेनं मुलांना सारखी वाटली, ७ वह्या आणि ३ पेनं उरली. मुलं जास्तीत जास्त किती? उरलेलं आधी वजा करा : १२० आणि ९०. मसावि ३०, तेवढीच मुलं. बाकी किती ते न सांगता फक्त ‘सारखीच’ म्हटलं असेल, तर संख्यांमधले फरक घ्या. ६२, १३२ आणि २३७ यांतले फरक ७०, १०५ आणि १७५, मसावि ३५. प्रत्येक वेळी बाकी २७च.

म्हणून शब्दांवर न जाता काय चाललंय ते पाहावं. दिलेल्या मापांचे सारखे भाग पाडायचे असतील तर मसावि. वेगवेगळ्या अंतरानं वाजणाऱ्या घंटा पुन्हा एकत्र कधी वाजतील, असं विचारलं तर लसावि. शेवटी एक पडताळा : मसावि घेतलेल्या संख्यांतल्या सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठा आला, तर वही पुन्हा उघडावी.