सहसंबंध ०.९५ निघाला, म्हणून नाते सिद्ध होत नाही

दोन आकडेमालिका वर्षानुवर्षे बरोबरीने चढत किंवा उतरत असल्या की त्यांच्यात पक्के नाते असणारच, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. तो खोटा असल्याचे १९२६ सालीच दिसले होते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ अडनी यूल यांनी इंग्लंड आणि वेल्सचे १८६६ ते १९११ या काळातले आकडे घेतले. एकीकडे एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या विवाहांचे प्रमाण, दुसरीकडे दर हजारी मृत्युदर. सहसंबंध निघाला ०.९५. चर्चमधल्या लग्नांमुळे माणसे मरत नव्हती. दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी घसरत होते, इतकेच.

यावर हमखास उत्तर येते: जास्त वर्षांचे आकडे घ्या, फसवा मेळ आपोआप गळून पडेल. प्रत्यक्षात उलटे घडते. १९७४ साली क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या मालिका संगणकावर तयार केल्या. प्रत्येक नवा आकडा म्हणजे आधीचा आकडा अधिक एक योगायोगाचा धक्का. अशा जोड्यांवर नेहमीची चाचणी लावली, तेव्हा शंभरात पाच वेळा चुकायला हवी ती सुमारे तीन-चतुर्थांश वेळा ‘नाते आहे’ म्हणाली. पुढे १९८६ मध्ये पीटर फिलिप्स यांनी गणिताने दाखवले, की मालिका लांबत जाते तसे हे खोटे नाते अधिकच ठाम दिसू लागते. कारण योगायोगाचे धक्के पुसले जात नाहीत, साठत जातात.

मग मूळ आकडे सोडून फक्त वर्षागणिक बदल मोजावेत का? बरेच जण तेच करतात, आणि खोटी नाती त्याने बऱ्याच अंशी टळतातही. पण त्यात दीर्घकालीन नात्याची माहितीच हातची जाते. डेव्हिड हेन्ड्री यांचे म्हणणे होते, की दोन भरकटणाऱ्या मालिकांमधला फरक मात्र स्थिर असू शकतो. ग्रेंजर यांना ते पटेना. ते चूक ठरवायला बसले आणि ते बरोबर असल्याचेच त्यांनी सिद्ध केले. यातूनच को-इंटिग्रेशनची कल्पना उभी राहिली. रॉबर्ट एंगल यांच्याबरोबरच्या १९८७ च्या निबंधात तिची रीत आहे: आधी दोन मालिकांमधले समीकरण काढायचे, मग उरलेली तफावत पुन्हा पुन्हा ठिकाणावर येते का, हे जास्त कडक निकषांवर तपासायचे. अमेरिकेच्या आकड्यांत उपभोग आणि उत्पन्न या कसोटीला उतरले. मजुरी आणि किमती उतरल्या नाहीत, आणि मला हाच निकाल जास्त मोलाचा वाटतो: सर्वांना उघड वाटणारे नातेही नापास होऊ शकते.

को-इंटिग्रेशन सापडले म्हणजे कारण सापडले, असेही नाही. तफावत वाढली की दोहोंपैकी किमान एक मालिका वळते, एवढेच त्यातून कळते. कोणती वळते, ते वेगळे पाहावे लागते. या चाचण्याही फसतात, हा आक्षेप रास्त आहे. १९२९ ची मंदी किंवा १९७३ चा तेलधक्का यांसारखा एखादा मोठा हादरा हिशेबात धरला नाही, तर स्थिर मालिकाही भरकटलेली भासते, हे पिएर पेरों यांनी १९८९ मध्ये दाखवले. म्हणून हादरे धरून चाचणी करावी. चाचणीच सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. यापुढे दोन चढत्या रेषा शेजारी काढून कोणी नाते सांगू लागला, तर त्याला एकच विचारा: मधली तफावत स्थिर आहे हे तपासलेत का?