सिस्टर दारात का अडवतात? कमी दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवायचे तर हे माहीत हवे

भिवंडी : सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंतपण झाले आणि बाळ काचेच्या पेटीत ठेवले, की गावाकडून गाडी भरून माणसे दवाखान्यात येतात. आजीला नातवाचे तोंड बघायचे असते, आत्याने घुटीचे सामान आणलेले असते. सिस्टर मात्र दारातच अडवतात. "आम्ही काय परके आहोत का?" म्हणत वाद सुरू होतो. पडघा, अनगाव, खारबाव भागातील बाळांना पुढच्या उपचारासाठी ठाणे, कळवा नाहीतर मुंबईला न्यावे लागते. एवढ्या लांब जाऊन बाळाला हातही लावू देत नाहीत, याचा राग येणे साहजिक आहे. पण ते अडवणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

धोका जास्त का?

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे कमी दिवसांचे बाळ. रोगाशी लढण्याची ताकद बाळाला आईकडून मुख्यतः पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. हे बाळ ती शिदोरी पुरती न घेताच बाहेर येते. कातडी पातळ असते. त्यात सलाईनची सुई, नाकातली नळी, म्हणजे जंतूंना आत शिरायला आणखी वाटा. मोठ्या माणसाच्या स्वच्छ दिसणाऱ्या हातावरचे जंतू त्याला काही करत नाहीत, पण तेच या बाळाच्या रक्तात गेले तर जिवावर बेततात.

आत सिस्टर काय करतात?

पहिले काम हात धुणे. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा हात स्वच्छ करतात. प्रत्येक बाळाचा थर्मामीटर वेगळा ठेवतात. सलाईनमधून औषध देण्याआधी नळीचे तोंड स्पिरिटने पुसतात. सुईची जागा लाल झाली का, सुजली का, हे बघतात. नाळ कोरडी ठेवतात. बाळाला चोखता येत नसेल तर आईचे दूध काढून नळीने किंवा वाटी-चमच्याने देतात.

बाळ जरा स्थिर झाले की आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. याला कांगारू पद्धत म्हणतात. यात बाळाला ऊब मिळते, दूध वाढते आणि जंतुसंसर्गही कमी होतो. दिवसातून किमान आठ तास असे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई थकली तर बाप किंवा आजीही बाळाला छातीशी घेऊ शकते, फक्त अंग स्वच्छ हवे आणि खोकला-सर्दी नको.

आपल्या राज्यानेच दाखवलेली वाट

मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी वरच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला आणि आयांना बाळाच्या देखभालीत सामील करून घेतले. 1989 मध्ये तिथे आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू झाली. ज्या आईला दूध येत नाही, तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे तपासलेले दूध मिळू लागले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार झाले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूदर, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासते, त्यामागे हेच काम आहे.

घरी आणल्यावर

आता सिस्टरची जागा घरच्यांनी घ्यायची.

- बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. यंत्रमागावरून आलेला असो की म्हशीची धार काढून आलेला, सर्वांना एकच नियम.
- मध, गूळपाणी, घुटी, गाईचे दूध काही नको. फक्त आईचे दूध. बाटली नको.
- नाळेवर हळद, राख, तेल लावू नका. डोळ्यांत काजळ, कानात तेल घालू नका.
- डॉक्टर सांगेपर्यंत आंघोळ नको. डोक्याला टोपी, पायात मोजे घाला.
- बारशाला गर्दी नको. महिनाभर पुढे ढकलले तर काही बिघडत नाही.
- दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात. बाळ दवाखान्यात असल्याने आधीच्या भेटी चुकल्या असतील तर घरी येताच तिला निरोप द्या.

यातले काहीही दिसले तर थांबू नका

- बाळ दूध ओढत नाही किंवा मलूल पडले
- अंग गार पडले किंवा ताप आला
- मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते
- झटके येतात
- नाळेभोवती लाली किंवा पू
- तळहात-तळपाय पिवळे

कमी दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडू शकते. त्यामुळे "ताप नाही ना, मग सकाळी बघू" असे म्हणू नका. रात्र असली तरी 108 ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. वाटेतही बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावूनच न्या.